नजरेत मावेल एवढा वर्ग

योगवर्गाची चौकशी करायला आलेला माणूस फीच्याही आधी एक प्रश्न विचारतो: "नवीन लोकांचा वर्ग वेगळा आहे ना?" विचारताना आवाजात संकोच असतो. पोट सुटलेले असते, जमिनीवर बसल्यावर उठताना हात टेकावा लागत असतो, आणि ज्यांना हे सगळे सहज जमते त्यांच्या शेजारी आपली शोभा होईल अशी धास्ती असते. चार-पाच वर्षे नियमाने येणाऱ्यांकडून उलट बाजूने तेच ऐकू येते: "आता आम्हाला पुढचा वर्ग कधी?" त्यांना वाटते की नवीन माणसे आली की पुन्हा ताडासनापासून सुरुवात होणार आणि आपला वेळ जाणार.

हे पुस्तक या दोघांना एकाच हॉलमध्ये शेजारी शेजारी उभे करण्यासाठी लिहिले आहे. आठ-दहा, फार तर बारा जणांचा वर्ग. त्यात काल आलेला आहे, दहा वर्षे करणारा आहे, गुडघा दुखणाऱ्या काकू आहेत आणि मॅरेथॉन पळणारा मुलगाही आहे. असा वर्ग म्हणजे नाइलाजाने केलेली तडजोड, असे अनेक शिक्षक मानतात. वेगवेगळ्या पातळ्यांचे वेगळे वर्ग चालवण्याइतकी माणसे नाहीत, जागा नाही, म्हणून सगळ्यांना एकत्र घेतले, असा त्यांचा सूर असतो. मला हे मान्य नाही. इतकी वर्षे शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की आसने शिकण्याची आणि शिकवण्याची सर्वांत चांगली जागा हीच. त्याला अट एकच आहे: वर्गातला प्रत्येक माणूस शिक्षकाच्या नजरेत मावला पाहिजे. वर्गाची संख्या, आसनांची निवड, साहित्य, सूचना देण्याची पद्धत हे सगळे त्या एका अटीवरून ठरते, आणि पुस्तकाची प्रकरणेही तिच्याभोवतीच रचली आहेत.

योगाभ्यास एकट्याने करायचा असतो ही समजूत निराधार नाही. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने लिहिलेली हठप्रदीपिका साधकाला जी कुटी सांगते तिला दार लहान आणि खिडकी मुळीच नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अभ्यासाच्या जागेचे विस्तृत आणि फार देखणे वर्णन आहे. तिथेही एकांतच आहे. पण त्याच हठप्रदीपिकेत स्वात्माराम वयाची आणि प्रकृतीची अट काढून टाकतो. तरुण, म्हातारे, अतिवृद्ध, आजारी, अशक्त अशा सर्वांना तो अभ्यासाच्या कक्षेत घेतो. एवढ्या सगळ्यांना घ्यायचे तर एका गुरूने एका शिष्याला एका कुटीत शिकवून भागणार नव्हते. हा गुंता विसाव्या शतकात सोडवावा लागला, आणि त्याचा बराच भाग मुंबई, लोणावळा, पुणे या पट्ट्यात सुटला.

नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजी राहत. त्यांच्या दोन शिष्यांनी योग घराघरांत आणला. मणिभाई देसाई, म्हणजे पुढचे श्री योगेंद्र, यांनी 1918 साली मुंबईत वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट सुरू केली. ती आज सांताक्रूझला आहे. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. त्यांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले, आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली आणि ते निष्कर्ष छापण्यासाठी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. कुवलयानंदांच्या कामाचा एक पैलू मात्र फारसा बोलला जात नाही. तरुणपणी ते बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले होते, आणि तिथे हुकमावर सगळ्यांनी मिळून करायचा संघव्यायाम शिकवला जाई. ती शिस्त त्यांनी आसनांना लावली आणि 1930 च्या दशकात 'यौगिक संघ व्यायाम' बसवला. त्याच काळात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार रुजवले. शाळेच्या मैदानावर 'एक' म्हटल्यावर हात वर आणि 'दोन' म्हटल्यावर कमरेतून खाली, ही जी पद्धत आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिली, तिची बरीचशी मुळे या दोन ठिकाणी आहेत.

त्या पद्धतीचे आपल्यावर उपकार आहेत. शिक्षक थोडे आणि मुले हजारो असताना दुसरे काय करता आले असते? पहिल्या आंतरराष्ट्रीय योगदिनी, 21 जून 2015 रोजी, दिल्लीच्या राजपथावर 35,985 लोकांनी एकत्र आसने केली. त्या दृश्यातला उत्साह खरा होता आणि त्यामुळे कितीतरी लोक पहिल्यांदा चटईवर बसले. पण भुजंगासनात एखाद्याने मान मागे टाकून कंबर चिमटीत धरली असेल, तर ती त्या गर्दीत कोणाला दिसणार? सामुदायिक योग माणसाला दारापर्यंत आणतो. आत आल्यावर त्याच्याकडे बघणारे कोणीतरी हवे.

बघण्याची परंपरा म्हैसूरकडून आली. तिथल्या जगनमोहन राजवाड्यात 1933 सालापासून तिरुमलाई कृष्णमाचार्य योगशाळा चालवत. त्यांचे शिष्य पट्टाभि जोइस यांनी म्हैसूरलाच शिकवताना जी रीत पुढे चालवली तिला आज जगभर म्हैसूरचेच नाव आहे. एका खोलीत सगळे आपापला क्रम आपापल्या श्वासाच्या गतीने करतात. कोणी चौथ्या आसनावर थांबलेला, कोणी चाळिसाव्यावर. शिक्षक मधून फिरतो, एकेकाला हात लावून दुरुस्त करतो आणि तयारी बघून पुढचे आसन देतो. सगळ्या पातळ्यांचा वर्ग तो हाच, फक्त तिथे सर्वांना मिळून एक सूचना नसते. मला ती रीत मनापासून आवडते. पण संध्याकाळी ऑफिसमधून येणाऱ्या, आठवड्यातून तीनदाच जमणाऱ्या आणि क्रम पाठ नसलेल्या माणसांना ती जड जाते.

कृष्णमाचार्यांचे दुसरे शिष्य, नात्याने त्यांचे मेहुणे, 1937 साली पुण्याला आले. डेक्कन जिमखान्याने सहा महिन्यांसाठी शिक्षक मागवला होता. बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार तेव्हा अठरा वर्षांचे होते. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय या सगळ्यांतून निघालेला हा मुलगा अंगाने काटकुळा, त्यात मराठी येत नव्हती. सहा महिन्यांसाठी आलेला माणूस 2014 साली वारला तो पुण्यातच. अय्यंगारांची कीर्ती त्यांच्या स्वतःच्या आसनांमुळे आणि व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्याशी 1952 साली झालेल्या भेटीमुळे पसरली, असे सांगितले जाते, आणि ते खरे आहे. या पुस्तकाच्या दृष्टीने मात्र त्यांचे मोठे काम वेगळे आहे. आजारी, कडक, म्हाताऱ्या शरीरांना तेच आसन कसे द्यायचे याचा त्यांनी आयुष्यभर शोध घेतला. हात जमिनीला पोहोचत नाही? हाताखाली वीट ठेवा. पाय धरता येत नाही? पायाला पट्टा लावा. पाठ मागे वळत नाही? खुर्चीवरून वळवा. आज जगभरच्या योगवर्गांत लाकडी ठोकळे, पट्टे, लोड, भिंतीवरच्या दोऱ्या आणि पाठ काढलेल्या घडीच्या लोखंडी खुर्च्या दिसतात, त्यांचा उगम पुण्यातला आहे.

1966 साली आलेल्या त्यांच्या 'लाइट ऑन योगा' या ग्रंथात प्रत्येक आसनापुढे अवघडपणाचा आकडा दिला आहे, एकपासून साठपर्यंत. वाचक अनेकदा त्या आकड्यांना परीक्षेची इयत्ता समजतात. साहित्याने नेमके हेच बदलले. ठोकळ्यावर हात ठेवून केलेले त्रिकोणासन आणि जमिनीवर हात ठेवून केलेले त्रिकोणासन ही दोन वेगळ्या इयत्तांची आसने राहिली नाहीत. पाय तसेच रोवायचे, मांडी तशीच वळवायची, छाती तशीच उघडायची. जो धडा दहा वर्षांच्या साधकाला तोच पहिल्या दिवशीच्याला देता येऊ लागला. 1960 च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाने प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गांत अय्यंगारांच्या पद्धतीचा योग घेतला. तिथे येणारे नोकरदार, गृहिणी, निवृत्त लोक, सगळेच मिसळलेले असत. पुण्यात मॉडेल कॉलनीत 1975 साली उघडलेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत उपचारांच्या वर्गाला एकाच हॉलमध्ये कोणी कंबरदुखीचे, कोणी दम्याचे, कोणी हृदयविकाराचे असे येत. प्रत्येकाला वेगळा क्रम, वेगळी मांडणी. तिथे मदतनीसही भरपूर असत. एकट्या शिक्षकाने त्याची नक्कल करू नये, हे आधीच सांगून ठेवते.

आता वर्गात काय होते ते एका आसनावरून सांगते, कारण बाकीचे सगळे त्यातच आहे. त्रिकोणासन घेऊ. पाय तीन-साडेतीन फूट लांब, उजवे पाऊल बाहेर वळवलेले, हात खांद्याच्या रेषेत. शिक्षक म्हणतो, "उजव्या गुडघ्याची वाटी वर खेचा, डावी टाच दाबा, आणि कमरेतून उजवीकडे जा." सूचना एकच, पण हॉलमध्ये बारा गोष्टी घडतात. नवीन आलेल्या काकांना हात जमिनीला लावायचाच आहे. ते पुढे झुकतात, गुडघा वाकतो, श्वास अडकतो. त्यांना भिंतीला पाठ लावून उभे करायचे आणि हाताखाली उंच ठोकळा द्यायचा. त्यांच्या शेजारच्या ताईंचे शरीर लवचिक आहे. त्यांचा हात सहज खाली जातो, पण गुडघा मागे ढकलला जाऊन सांध्यात लटकतो. पाहणाऱ्याला त्यांचे आसन सुंदर दिसते, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. त्यांनाही ठोकळाच द्यायचा, मात्र वेगळ्या कारणासाठी: खाली जाणे थांबवून पायाचे स्नायू कामाला लावण्यासाठी. दहा वर्षांच्या साधकाला सांगायचे की डावी टाच हलकी झाली आहे. तो चकित होतो, कारण ती टाच त्याच्या ध्यानातून केव्हाच निघून गेलेली असते.

एकाच मिनिटात तीन माणसांना तीन गोष्टी, आणि तिन्ही मूळ सूचनेतल्याच. शिक्षकाने हे करायचे तर त्याने तिघांकडे पाहिलेले असले पाहिजे. माझा अनुभव असा की एक बाजू अर्धा-पाऊण मिनिट धरली, तर तेवढ्यात शिक्षक तीन-चार माणसांना खरोखर पाहू शकतो. पाहणे म्हणजे पाऊल, गुडघा, कंबर, मान आणि चेहरा, सगळे. दोन बाजू झाल्या की सात-आठ माणसे. आसन पुन्हा एकदा घेतले की उरलेली. यातूनच बाराचा आकडा येतो. वर्ग वीसचा झाला की शिक्षक पहिल्या दोन रांगांचा होतो आणि मागे बसलेले त्याला नुसते डोके म्हणून माहीत असतात. आणि मागे कोण बसतो? ज्याला बघायला हवे तोच. आपल्याकडच्या पंगतीत चांगला वाढपी लाजऱ्या माणसाच्या पानाकडे आधी बघतो; योगशिक्षकाने तीच सवय लावून घ्यावी. या पुस्तकात त्यासाठी अर्धवर्तुळाची मांडणी सुचवली आहे, म्हणजे मागची रांगच उरत नाही.

पातळी हा शब्द आपण वापरतो, पण शरीराला एक पातळी नसते. माझ्या वर्गांत हे दर आठवड्याला दिसते. साठी ओलांडलेल्या, जन्मभर जमिनीवर बसून भाकऱ्या थापलेल्या आणि विळीवर भाजी चिरलेल्या बायका उकिडव्या बसतात त्या टाच न उचलता, पंधरा मिनिटे. त्यांच्याच खांद्याला हात डोक्यावर नेताना कळ येते. दिवसभर लॅपटॉपपुढे बसणारा तिशीतला मुलगा जिममध्ये वजने उचलतो, पण त्याला दंडासनात पाय सरळ करून ताठ बसता येत नाही; मांडीच्या मागच्या शिरा इतक्या आखडलेल्या असतात की पाठीचा कणा मागे कलतो. त्याला घडी केलेल्या घोंगडीवर बसवावे लागते. यांतला प्राथमिक कोण आणि प्रगत कोण? उकिडव्या बैठकीत आजी पुढे आणि ऊर्ध्वहस्तासनात मुलगा पुढे. एकाच तासात दोघेही एकदा शिकतात आणि एकदा दुसऱ्याला दाखवतात. वेगळ्या वर्गांत ही दोन माणसे एकमेकांना कधी भेटलीच नसती.

जुन्या साधकाला या वर्गातून काय मिळते, ही शंका रास्त आहे. त्याचे उत्तर नुसत्या उपदेशाने देता येत नाही, ते वर्गात द्यावे लागते. पाच वर्षे झाली की शरीर आसनाचा आकार पाठ करते आणि मन दुसरीकडे जाते. नवीन माणूस विचारतो, "पाय नेमका कुठून उचलायचा?", आणि जुना साधक थबकतो, कारण त्यालाही ते आता सांगता येत नाही. शिक्षकाने हा क्षण पकडावा. जुन्या साधकाला तेच आसन अधिक वेळ धरायला द्यावे, आधार काढून घ्यावा, डोळे मिटायला सांगावे, दोन आसनांमधली हालचाल सावकाश करायला लावावी. नवीन माणूस पवनमुक्तासनात एक पाय छातीशी धरून पडलेला असताना जुना साधक जमिनीवरचा दुसरा पाय टाचेपर्यंत जिवंत ठेवू शकतो का, हे पाहावे. बिहारमधल्या मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांनी सांधे मोकळे करणाऱ्या साध्या हालचालींची पवनमुक्तासन मालिकाच तयार केली. ती सोपी समजून सोडून देणाऱ्यांनी एकदा शांतपणे, श्वासाबरोबर, पूर्ण करून पाहावी.

एकत्र वर्ग म्हणजे सगळ्यांनी सगळे करायचे असे मात्र नाही. इथे मला ठाम बोलायचे आहे. काही माणसांना काही आसने देऊच नयेत, आणि ती यादी शिक्षकाला तोंडपाठ हवी. काचबिंदू असेल तर डोके खाली जाणारी आसने नाहीत, कारण त्यात डोळ्यातला दाब वाढतो. आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर शीर्षासन-सर्वांगासन नाही. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीला पाठ गोल करून खोल पुढे वाकवू नये. मणका दबून मोडण्याची जोखीम असते. मणक्याची गादी नुकतीच सरकली असेल तर आधी डॉक्टर, मग वर्ग. गरोदर स्त्रीला पोटावरची आसने नाहीत आणि पुढच्या महिन्यांत फार वेळ उताणे झोपवणेही नाही. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी सकाळच्या वर्गाला येणारे लोक असतात. योगाला पोट रिकामे हवे म्हणून ते काही खात नाहीत, आणि शवासनानंतर त्यांना दरदरून घाम फुटतो. त्यांच्याशी पहिल्याच दिवशी बोलून घ्यावे आणि हॉलमध्ये साखर ठेवावी. सर्वांगासन घ्यायचे तर खांद्यांखाली तीन-चार घड्यांची घोंगडी, मान घडीच्या काठाबाहेर, आणि वर गेल्यावर मान वळवायची नाही. ज्यांना हे जमत नाही त्यांना त्याच वेळी भिंतीशी विपरीत करणी. त्यात हलके काही नाही, हे शिक्षकाच्या आवाजातूनही कळले पाहिजे. "तुम्हाला नाही जमणार, तुम्ही हे करा" असे ऐकलेला माणूस पुढच्या आठवड्यात येत नाही.

म्हणून पहिल्या दिवशीची पंधरा मिनिटे. नाव, काम, दिवसाचे किती तास बसून जातात, कोणती ऑपरेशने झाली, कोणत्या गोळ्या चालू आहेत, झोप कशी लागते. छापील फॉर्म भरून घेतल्यावरही तोंडी विचारावे. कागदावर लोक 'काही त्रास नाही' लिहितात आणि बोलताना सहज सांगतात की मागच्या वर्षी हर्नियाचे ऑपरेशन झाले. मासिक पाळीबद्दल मुली स्वतःहून बोलत नाहीत. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर, सरळ शब्दांत, 'त्या दिवसांत उलटी आसने करू नका, त्याऐवजी हे करा' असे सांगून टाकले की पुढे कोणाला कुजबुजावे लागत नाही. अय्यंगारांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी स्त्रियांच्या अभ्यासावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि या विषयावर मोकळेपणाने बोलण्याची वाट आमच्यासारख्या शिक्षिकांना त्यातून मिळाली.

हात लावून दुरुस्त करण्याबद्दलही असेच स्पष्ट असावे. आधी शब्दांनी, मग स्वतः करून दाखवून, आणि तरीही कळले नाही तरच स्पर्शाने, तोही विचारून. दर वेळी विचारून. नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नये. शब्द नेमके असतील तर स्पर्शाची गरज फार कमी पडते. 'बरगड्या आत घ्या' म्हटल्यावर लोक पोट आत ओढतात आणि श्वास रोखतात. 'खालच्या बरगड्या पाठीकडे जाऊ द्या आणि श्वास चालू ठेवा' म्हटले की काम होते. समोर उभे राहून दाखवताना शिक्षकाने तोंडाने 'उजवा' म्हणावे आणि स्वतःचा डावा हलवावा, म्हणजे बघणाऱ्यांचा गोंधळ होत नाही. ही सवय लागायला वेळ जातो. सूचनांचे एक पूर्ण प्रकरण पुस्तकात आहे आणि त्यातले प्रत्येक वाक्य प्रत्यक्ष वर्गात वापरून मगच लिहिले आहे.

जागेबद्दल फार लिहीत नाही. सोसायटीचा हॉल, देवळाचा सभामंडप, सुटीनंतरचा शाळेचा वर्ग, काहीही चालते. एक मोकळी भिंत मात्र हवीच. मॅट प्रत्येकाने आपली आणावी. ठोकळे सुताराकडून करून घेता येतात, पट्टे शिवून घेता येतात, घोंगड्या घरोघरी असतात. फीबद्दलही माझे म्हणणे थोडके आहे: वर्ग लहान ठेवायचा तर फी थोडी जास्त पडते, हे लोकांना समजावून सांगावे, आणि ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी एक-दोन जागा राखाव्यात. नागपुरात जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळाने वस्त्यावस्त्यांत विनामूल्य वर्ग चालवून दाखवले, तेही तिथेच शिकून तयार झालेल्या स्वयंसेवकांच्या बळावर. त्या उदाहरणाने मला नेहमीच धीर दिला आहे.

2020 च्या टाळेबंदीत आम्ही सगळेच मोबाइलच्या पडद्यावर शिकवू लागलो, आणि काही वर्ग आजही तसे चालतात. परदेशी गेलेली मुले इथल्या आईवडिलांबरोबर एकाच वर्गात बसतात, हे त्यातले सुख मोठे आहे. पण पडद्यावर पाऊल दिसत नाही, श्वास ऐकू येत नाही, आणि माणूस कॅमेऱ्याच्या बाहेर गेला की त्याचे काय चालले आहे ते कळत नाही. अशा वर्गात मी सहापेक्षा जास्त माणसे घेत नाही, नवीन माणसाला उलटी आसने देत नाही, आणि पहिल्या तासाला कॅमेरा बाजूने, पूर्ण शरीर दिसेल असा लावून घेते.

आता पुस्तक वापरण्याबद्दल. पहिली चार प्रकरणे साधकासाठी आहेत. घरी एकट्याने करणाऱ्याने तीच वाचावीत आणि रोज वीस मिनिटे काढावीत. आठवड्याचे दोन-तीन वर्ग घरच्या अभ्यासाची जागा घेऊ शकत नाहीत. पुढची सहा प्रकरणे शिक्षकासाठी आहेत, आणि त्यांत प्रत्येक आसनाची तीन रूपे शेजारी शेजारी दिली आहेत, म्हणजे एकाच वेळी तिन्ही डोळ्यांपुढे राहतील. प्राणायामाचे प्रकरण मुद्दाम आखूड ठेवले आहे. मिसळलेल्या वर्गात साधा, न रोखलेला श्वास पुरे. कुंभक हा एकास एक शिकण्याचा विषय आहे, आणि तो गर्दीत शिकवणाऱ्यांशी माझा मतभेद कायम राहील.

शेवटचे प्रकरण तेराव्या माणसाबद्दल आहे. वर्ग बाराचा झाला आणि आणखी कोणी विचारत आले तर त्याला कोपऱ्यात बसवून घेण्याचा मोह होतो. तसे करू नये. दुसरा वर्ग सुरू करावा. तो कोण घेणार? पहिल्या वर्गातलाच कोणीतरी, ज्याला आसने फार चांगली येतात असा नव्हे, ज्याला शेजाऱ्याचा गुडघा दिसतो असा. त्याला सहा महिने मदतनीस म्हणून उभे करावे. पहिला महिनाभर त्याने काही बोलायचे नाही, कोणाला हात लावायचा नाही. दर तासाला तीन माणसे वाटून द्यावीत आणि वर्ग संपल्यावर त्या तिघांचे काय दिसले ते त्याने शिक्षकाला सांगावे: कोणाचे वजन कुठल्या पायावर होते, कोणाचा श्वास कधी अडकला, कोण कुठल्या आसनात चेहरा आवळत होता. दुसऱ्या महिन्यापासून ठोकळे आणि घोंगड्या देण्याचे काम त्याच्याकडे द्यावे आणि कोणाला काय दिले, का दिले, हे विचारावे. त्याच्या नोंदींसाठी पुस्तकाच्या अखेरीस कोरे तक्ते जोडले आहेत. त्यांच्या झेरॉक्स काढून घ्याव्यात आणि प्रत्येक मदतनिसाला पहिल्याच दिवशी एक द्यावी.